तपासणीच्या वेळी बाई कुठं होत्या?

आज माझी शिक्षिका नातसून शाळेतून चिडूनच आली. हजेरी मोबाइलवर भरायची, अन् नेटवर्क मिळते फक्त गच्चीवर. ती गच्चीवर असतानाच साहेब तपासणीले आले. शेरा दिला, "बाई वर्गात नाहीत."

मले हसूच आवरेना. भिलाईचा प्लांट बांधून राहिले होते, तेव्हा सेक्टर सहाच्या एका क्वार्टरात माझी शाळा होती. दोन खोल्यांत दोन वर्ग, शिकवणारी मी एकटी. मधलं दार काळं रंगवून दोन्हीकडून फळा केलेला. दार उघडलं की तिसरीची गणितं चौथीच्या खोलीत! म्हणून मी पदर खोचून एका खोलीच्या खिडकीतून बाहेर अन् दुसरीच्या खिडकीतून आत, अशी ये-जा करायची.

साहेब आले तेव्हा माझा एक पाय बाहेर होता. शेरा हाच.

नातसुनेले म्हटलं, "पोरी, प्रगती आहे. मी खिडकीत सापडली, तू गच्चीवर."

ग्रुपमधल्या मास्तर-बाईंनो, तुम्ही कुठं सापडले?