त्या दिवशी रेंज होती

त्या दिवशी निरवांगीत रेंज होती.

एवढं एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. गावात चौकशी केलीत तर सगळे उलटंच सांगतील. वैशालीच्या मीटिंगला ऐन वेळी रेंज गेली, टॉवरवाल्यांनी घात केला, असं म्हणतील. टॉवर बिचारा निर्दोष होता. घात करणारा माणूस घरातच होता. कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात नारळ घेऊन उभा होता.

वैशाली माझी सून आणि गावातल्या महिला गटाची अध्यक्ष. गट ज्वारीचा चिवडा करतो. पुण्यातल्या एका दुकानवाल्या कंपनीला तो आवडला आणि निरोप आला, 'ऑनलाइन मीटिंगमध्ये पंधरा मिनिटांत तुमचं म्हणणं मांडा.' ऑर्डर मिळाली तर बायकांना बारमाही काम मिळणार होतं. दुसऱ्याच्या रानात उन्हातान्हात खुरपायला जाणं सुटणार होतं. गटातल्या शेवंताबाईंनी तर तेवढ्या आशेवर खुरपं माळ्यावर टाकलंसुद्धा!

पडद्यावर कसं बोलावं हे शिकवायला एक शहरी पोरगी फोनवरून वैशालीची शिकवणी घ्यायची. मी दाराआडून ऐकायचो. (ऐकायचो म्हणजे कानावर पडायचं. रोज. खुर्ची ओढून.) 'कॅमेऱ्याकडे बघा. मागची भिंत मोकळी ठेवा. पहिल्याच मिनिटात मुद्दा सांगा.'

पहिल्याच मिनिटात मुद्दा! अहो, पहिल्या मिनिटात आमचा घसा खाकरून होत नाही! मी तालुक्यातला जुना सूत्रसंचालक. भवानीनगरपर्यंत लग्न असो, सत्कार असो, नाहीतर बोअरचं पूजन असो, माइक माझ्याच हातात. एकदा माझ्या प्रास्ताविकात प्रमुख पाहुण्यांना झोप लागली. ते जागे झाले तेव्हाही प्रास्ताविकच चालू होतं. हे मी अभिमानाने सांगत आलोय.

"वैशाली, त्या पोरीचं ऐकू नको," मी म्हणालो. "मोठ्या माणसांपुढं असं भसकन मुद्द्यावर येत्यात व्हय? त्यांना वाटंल, ह्या बायांना वळणच न्हाय."

"आबा, पंधराच मिंटं दिल्यात त्यांनी."

"म्हणून तर म्हणतो. सुरुवात मी करून देतो. एक मिनिट."

"एकच?"

"एकच!"

तिने मान डोलावली. सासऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे तिला माहेरी शिकवलेलं. ती एक शिकवणी चुकली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

घरात सगळ्यात चांगली रेंज माझ्या खोलीत. मीटिंग तिथंच. म्हणजे यजमान मीच! मागची भिंत मोकळी ठेवायची होती, पण मोकळी भिंत मला बघवत नाही. मी बारामतीहून फ्लेक्स करून आणला. वर 'सहर्ष स्वागत', खाली हात जोडलेला मी. फ्लेक्सवाल्याने फोटो जरा मोठाच केला. (मीच सांगितलं होतं.) वैशाली समोर बसली तेव्हा तिच्या डोक्यामागून माझे दोन्ही कान बाहेर आले होते.

फोन चिवड्याच्या बरणीला टेकवला. पडद्यावर एक मॅडम आणि दोन साहेब उगवले. मॅडम म्हणाल्या, "नमस्कार, सुरू करूया?"

मी पुढे झालो. "व्यासपीठावरील सर्व सन्माननीय..." व्यासपीठ नव्हतं, पण शब्द तोंडात बसलेला! मी मॅडमचं स्वागत केलं, साहेबांचं केलं, न आलेल्या सरपंचांचं केलं. गावाचा इतिहास सांगितला. मग ज्वारीचा. मग दीपप्रज्वलन, मॅडमच्या शुभहस्ते! मॅडम पुण्यात, काडेपेटी माझ्याकडे.

"मॅडम, तुमी नुसता हात वर करा, हितं मी पेटवतो!"

बिचाऱ्या मॅडमनी हात वर केला. पंख्याने समई विझली. मी पंखा बंद करून आलो. मॅडमनी पुन्हा हात वर केला.

"आबा, मुद्दा," वैशाली दातांतल्या दातांत पुटपुटली.

"आजोबा, चिवड्याबद्दल बोलूया का?" मॅडमही म्हणाल्या.

"येतो, येतो! आधी सत्कार!"

आता पाहुणे फोनमध्ये. मग शाल कुणाला घालायची? मी फोनला घातली! रीतसर, दोन्ही बाजूंनी ओढून. पुण्यात अंधार पडला.

"हॅलो? तुमचा कॅमेरा गेला वाटतं."

"सत्कार चालू हाय, मॅडम! आता श्रीफळ!"

श्रीफळ घ्यायला हात लागतात. फोनला हात नसतात. मी नारळ शालीवरच टेकवला. फोन घसरला, बरणी कलंडली, चिवडा खोलीभर झाला आणि नारळ गडगडत कॉटखाली गेला. शालीच्या आतून आवाज आला, "आम्हाला काहीच दिसत नाहीये. वेळ संपलाय, पुढचा गट थांबलाय. धन्यवाद."

वैशालीने शाल उचलली. पडदा मोकळा होता. भिंत ठेवायला सांगितली होती तसा.

"कार्यक्रम छान झाला," मी म्हणालो. (खरंच म्हणालो.)

बाहेर ओट्यावर बायका ताटकळल्या होत्या. शेवंताबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" वैशालीने शालीची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेंज गेली, मावशी."

ऑर्डर मोरगावकडच्या एका गटाला गेली. शेवंताबाईंनी माळ्यावरचं खुरपं खाली काढलं.

इथे तरी मी गप्प बसायचं! पण बायका चिडल्या. टॉवरवाल्यांविरुद्ध इंदापूरला निवेदन द्यायचं ठरलं. तिथं बोलणार कोण? "आबांबिगर हाय कोण!" मग मी बोललो. जीव तोडून बोललो. "ह्या टॉवरनं आमच्या मायभगिनींच्या तोंडचा घास काढला!" वैशाली मागे तोंडाला पदर लावून उभी होती. बायकांना वाटलं, रडतेय.

आता ती ऑनलाइन मीटिंगा गोठ्याच्या पत्र्यावर बसून घेते. तिथं रेंज कमी आहे, पण मला शिडी चढता येत नाही. छोट्या-मोठ्या ऑर्डरी मिळतात. बारमाही काम काही अजून जुळलेलं नाही.

यंदा गटाच्या वार्षिक सभेत खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं आणि वैशालीलाही तसं सांगितलं. बोलायचं फक्त एवढंच: रेंज होती, चूक माझी होती, मला माफ करा. पुढच्याच रांगेत शेवंताबाई, रानातून थेट आलेल्या, खुरपं मांडीशी. मी उभा राहिलो. "सर्वप्रथम..." म्हणालो. वैशालीचं कौतुक केलं, गटाचं केलं, ज्वारीचं केलं. सुरेख लय लागली! आणि त्या लयीतच, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," म्हणून खाली बसलो.

टाळ्या पडल्या. मग आठवलं, माफी राहिली.

तेवढ्यात वैशाली सत्काराची शाल घेऊन आली. तीच शाल, कोपऱ्याला चिवड्याच्या तेलाचा डाग. माझ्या खांद्यावर घालताना कानाशी वाकून म्हणाली, "काय आबा, मुद्द्यापाशीच रेंज गेली व्हय?"

समोर शेवंताबाई अजून टाळ्या वाजवत होत्या.

"व्हय गं," मी म्हणालो. "ह्या टॉवरचं कायतरी केलं पायजे."