वीस मिनिटांची कोंबडी

माझ्या हातच्या कोंबडीच्या रश्श्याला अख्ख्या मुदखेडात तोड नाही. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन. जावा-नणंदा तोंडावर कबूल करत नाहीत, पण पाहुणे आले की पातेलं गुपचूप माझ्याच हवाली करतात. कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर भाजून घ्यायची, काळं तिखट घरचंच घालायचं, आणि बारीक आचेवर दोन तास शिजू द्यायचं. दोन तासांच्या आत उतरला तर तो रस्सा नव्हे, लाल पाणी.

एवढं मोठं तोंड घेऊन मी लातूरला आले, अन् तिथं माझ्या पोटच्या पोरीनंच माझा रस्सा बाजूला सारला.

लेक डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्या वेळेला थोडक्यात हुकलं. ते वर्ष ती मेसचं जेवून वाळून काडी झाली होती, म्हणून दुसऱ्या वर्षी मी सोबत येऊन राहिले. लातुरात आमच्यासारख्या आया गल्लोगल्ली सापडतात. एक खोली, एक गॅस, दोन गाद्या. नवरा गावाकडं त्याच्या आईच्या हातचं खातो अन् बायको इथं लेकराचा डबा भरते. माझी शिलाई मशीन मी मुदखेडला झाकून ठेवली. ब्लाऊज माझ्याशिवाय कुणाकडं टाकत नाहीत अशा बाया होत्या, त्यांना म्हटलं, आता वर्षभर दुसरीकडं बघा. वाईट वाटलं खरं. पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर मशीनचं काय एवढं कौतुक?

पहिले चार-पाच महिने बरे गेले. मग हळूहळू तिचं जेवण तुटलं. भाकरी चतकोरावर आली. रविवारी मी मन लावून रस्सा करायचे, तर ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. मी म्हणायचे, "खा की गं, दोन तास उभी हाय मी इथं!" त्यावर ती अजूनच कमी खायची. क्लासची चाचणी दर आठवड्याला असायची, अन् दर आठवड्याला तिचे मार्क खाली येऊन राहिले होते.

थंडीचे दिवस होते. एका शनिवारी संध्याकाळी ती क्लासमधून आली, चप्पल न काढताच गादीवर बसली आणि म्हणाली, "आई, मला घरी जायचंय. मला न्हाई जमत हे."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. विचारलं, "कामून? काय झालं?"

"जेवलं की झोप येते, न जेवलं की चक्कर येते. पुस्तकात डोकं लागत न्हाई. उगी कशाला राहायचं?"

आता माझा स्वभाव असा, की अडचण कुठलीही असो, मला तिचं मूळ सैपाकातच दिसतं. कुणी रडलं की मी विचारते, जेवलीस का? मी मनात म्हटलं, धरलं! रस्सा जड पडून राहिला. तेल, खोबरं, तिखट, वरून भात, झोप येणार नाही तर काय. हिला हलकं, पण ताकदीचं काहीतरी पाहिजे.

"आठ दिवस दे मला," मी म्हटलं. "पुढच्या रविवारच्या जेवणापर्यंत. तुला खावं वाटेल अन् खाऊन झोप येणार न्हाई असं जेवण मी काढून दाखवते. न्हाई जमलं तर सोमवारी सकाळी दोघी मिळून गावाकडं जाऊ. मी एका शब्दानं बोलणार न्हाई."

ती कसनुसं हसली. म्हणाली, "तू? अन् एका शब्दानं बोलणार न्हाईस?" पण हाव म्हणाली, आठ दिवस दिले.

त्याच रात्री मोबाइलवर मला एक बाई सापडली. गोरीपान, नेलपॉलिश लावलेली, ओट्यावर एक थेंब सांडलेला नाही. कोंबडीचे पातळ तुकडे पॅनमध्ये भाजून त्यावर लिंबाचा रस्सा ओतत होती अन् म्हणत होती, फक्त वीस मिनिटं. मला हसूच आलं. वीस मिनिटांत माझा कांदा भाजून होत नाही! पण रंग मोठा छान आला होता, सोन्यासारखा. म्हटलं, हिला जमतं तर मला काय धाड भरली?

आता आठ दिवस म्हणजे काही आठ दिवस नव्हते. आमच्याकडं सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार अन् शनिवार तर विचारूच नका. या वारांना घरात अंडं येत नाही. राहिले रविवार, बुधवार अन् शुक्रवार, आणि त्यात बुधवारी एकादशी! म्हणजे पहिला रविवार, मग शुक्रवार, अन् शेवटचा रविवार. तीन डाव फक्त.

पहिला डाव मी घमेंडीत घालवला. कोंबडी नेहमीसारखीच आणली, रश्श्याचे तुकडे करून, हाडांसकट. तव्यावर टाकली, मोठ्या आचेवर वीस मिनिटं भाजली. वरून करपली अन् आतून हाडापाशी लालभडक. शेवटी उचलून कोंबडी-मटणाच्या वेगळ्या कुकरमध्ये घातली, चार शिट्ट्या काढल्या, त्यात लिंबू पिळलं. आजाऱ्याची पेज बरी अशी चव! लेकीनं दूध-भात खाल्ला. मी ती पेज माझ्या हट्टापायी सगळी खाल्ली.

शुक्रवारी चिकनवाल्याला जरा विचारून घेतलं. दाढीवाला, बोलायला मोठा गोड माणूस. म्हणाला, "ताई, हड्डीवाला नक्को लेव. सीना लेव, पतला काट के देतूँ. तीन मिनट इधर, तीन मिनट उधर, बस. जास्ती पकाये तो चप्पल हो जाता."

छातीचं बिनहाडाचं मांस त्यानं तळहाताएवढे पातळ काप करून दिलं. घरी येऊन मी ते लाटण्यानं ठोकून सारखे केले. मीठ, मिरपूड, वाटलेला लसूण, नावापुरती हळद, अन् वरून गव्हाच्या पिठाचा हात. तव्यावर चर्रर्र आवाज झाला. तीन मिनिटं इकडं, तीन मिनिटं तिकडं. काय रंग आला म्हणून सांगू! काप काढून घेतले, त्याच तव्यात लसूण टाकला, पाणी घातलं, तळाला चिकटलेलं खरडून घेतलं, अन् दोन लिंबं पिळून उकळी काढली.

अन् बघता बघता रस्सा काळा पडला. काळा म्हणजे गटारीसारखा. मी त्यात लोणी घातलं, साखर घातली, देवाचं नाव घेतलं. काही फरक नाही. लेकीनं एक घास घेतला अन् तोंड वाकडं केलं. "आई, खिळा चावल्यागत लागतंय."

मग तव्याकडं बघितलं अन् म्हणाली, "लोखंडी हाय ना हा? लिंबाचं ॲसिड अन् लोखंड. होणारच की."

"अगं माय! केमिस्ट्री शिकून राहिलीस, मग आधी सांगता येत न्हाई?"

"तू विचारलंस कधी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो तवा माझ्या सासूबाईंनी दिलेला. आमच्या घरी कोंबडी-मटणाची भांडी वेगळी, ती देवाधर्माच्या भांड्यात कधी मिसळायची नाहीत. मुदखेडला तर तो तवा घरातसुद्धा येत नाही, मागच्या भिंतीला उलटा टेकवलेला असतो. मी लातूरला निघाले तेव्हा आत्याबाईंनी, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते, तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "खोली एक असली तरी भांडं एक करू नको," म्हणाल्या. अन् मीही त्यांचीच सून. ओट्यावर लेकीचा चांगला, न चिकटणारा पॅन होता, मोबाइलवरच्या त्या बाईसारखा. पण त्यात मी धिरडी करायचे, पुरणपोळी भाजायचे, नैवेद्य त्यातूनच निघायचा. त्यात कोंबडी घालायची हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

शनिवारी दिवसभर मी त्या पॅनकडं बघत होते. संध्याकाळी लेकीनं तिचे गावाकडं न्यायचे कपडे वेगळे काढून घडी घालायला घेतले. मी भाजी निवडत होते, ती तशीच सोडून गॅलरीत गेले अन् सासूबाईंना फोन लावला. विचारायला नाही, सांगायला.

"आत्याबाई, उद्या मी पुरणाच्या पॅनमध्ये कोंबडी करणार हाय."



त्यांनी विचारलं, "कामून?"

मी सगळं सांगितलं. लोखंड, लिंबू, पोरीचे कपडे. त्या म्हणाल्या, "मग तो गेला नैवेद्यातून. देवाला दुसरा घे." आणि लगेच पुढं, "लेकरू जेवतंय का गं?"

मला एकदम रडूच आलं. जेवत न्हाई, म्हटलं.

रविवारी मी घाई केली नाही. माणसानं घाईचं काम सावकाश करावं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं आधी कापून, ठोकून, वाटून ओट्यावर ओळीनं मांडलं. ती संध्याकाळी सातला आंघोळ करून बसली, तेव्हा मी पॅन तापत ठेवला. तेलात जरासं लोणी. तीन मिनिटं, उलटलं, तीन मिनिटं. काप ताटात काढले. त्याच लोण्यात लसूण अन् चिमूटभर जिरं, अर्धी वाटी पाणी, तळ खरडला. रस्सा आटून बोटाला चिकटायला लागला तेव्हा गॅस बंद केला, अन् मग लिंबू पिळलं. मग! आधी नाही. उकळत्यात लिंबू कडवट होतं, हे मला कुठल्या बाईनं सांगितलं नव्हतं, माझं मीच ताडलं. वरून कोथिंबीर. रंग असा पिवळाधमक आला, की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली असती, हात पोहोचला असता तर.

घड्याळ बघितलं. वीस नाही, अठरा मिनिटं.

तिनं पहिला घास खाल्ला. मी बघत नाही असं दाखवत बघत होते. दुसरा खाल्ला. पोळी मोडली, रश्श्यात बुडवली. एक काप संपला, दुसरा संपला. तिसरा काप अर्धा झाल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. "बघ! म्हटलं होतं ना, रस्सा जड पडत होता म्हणून!"

ती खायची थांबली. ताटात बघूनच म्हणाली, "रस्सा जड न्हाई पडत, आई. मला आवडतो तुझा रस्सा."

"मग?"

"तू मशीन सोडून आलीस. इथं माझ्यासाठी दोन-दोन तास गॅसजवळ उभी राहतीस, अन् मला चाचणीत काही येत न्हाई. ताट समोर आलं की वाटायचं, एवढं केलेलं मी कशी खाऊ? घशाखाली उतरायचंच न्हाई." मग डोळे पुसत म्हणाली, "हे अठरा मिनिटांत झालं. हे खाल्लं तर चालतं."

आयुष्यभर मी त्या दोन तासांचा तोरा मिरवला, अन् तेच दोन तास माझ्या लेकराच्या घशात अडकले होते. दर रविवारी वाढताना मीच ऐकवत होते की नाही, दोन तास उभी हाय म्हणून? वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त अभिमान वाटला. आईच्या कष्टाचा घास गिळता येत नाही असं म्हणणारी पोरगी माझी होती. अशी पोरगी परीक्षेत पास होवो न होवो, मला कुणापुढं मान खाली घालावी लागणार नव्हती.

मी म्हटलं, "ऐक. ती मशीन मी परवा इथं आणते. लातुरात बाया ब्लाऊज घालत न्हाईत का? मी माझं काम करीन, तू तुझं कर. डॉक्टर झालीस तर बरं, न झालीस तर मी काही तुला रश्श्याचा हिशेब मागणार न्हाई."

"शपथ?"

"कोंबडी खाताना शपथ घेत न्हाईत. जेव गप."

ती हसली. नाक पुसलं, उरलेला काप संपवला, ताट पोळीच्या तुकड्यानं लखलखीत पुसून काढलं. मग पॅनकडं मान वळवून तिनं विचारलं, जे मी दोन महिने ऐकलं नव्हतं.

"आई, अजून हाय का?"

दोन काप उरले होते, माझ्या वाटचे. मी म्हटलं, "हाय की. लई हाय."