साडूंचा फाल्गुन

रत्नागिरीत फाल्गुन महिना माझ्या साडूंच्या परवानगीशिवाय सुरू होत नाही, असं मला काही वर्षं खरोखरच वाटत असे. काजूची बोंडं पिकू लागली, सकाळची हवा जरा मोकळी झाली, की हा माणूस घरात सापडायचा बंद. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण पोट हा अवयव देवाने त्यांना दिलाच नव्हता. त्यांच्या वाट्याचंही मलाच देऊन टाकलं होतं.

व्यायाम हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "व्यायाम आजाऱ्याने करावा. आपण नुसतं जाऊन यावं," असं म्हणायचे. आता हे जाऊन येणं म्हणजे काय, तर उजाडताना भाट्याच्या वाळूवर अनवाणी चालायला निघायचं आणि कोळी मंडळी रापणीचं जाळं ओढताना दिसली की विजार गुडघ्यापर्यंत दुमडून दोराला लागायचं. ज्या घरात मासा शिजत नाही, त्या घरचा माणूस तासभर घाम गाळून मासे ओढायचा. वाट्याला आलेले बांगडे वाटेत जो पहिला ओळखीचा भेटेल त्याच्या हातात. एकदा ते आमच्या ऑफिसातल्या शिपायाला मिळाले. पुढचा आठवडाभर तो मला चहा देताना "तुमचे साडू म्हणजे देवमाणूस हां" एवढंच ऐकवत होता, आणि ते ऐकवण्याच्या नादात चहा गार करत होता. संध्याकाळी भगवतीच्या किल्ल्याची चढण. ती चढताना ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे, आणि त्यांना धाप लागलेली कोणी पाहिली नव्हती. रविवारी सायकल काढून पूर्णगडला. कशाला, असं विचारलं तर तिथे वारा बरा असतो म्हणायचे. जणू आमच्याकडचा वारा कोणी उचलून नेला होता. आंबे तयार झाले की ओळखीच्या बागायतदाराच्या कलमावर स्वतः चढून फळ उतरवून द्यायचे, आणि हे सगळं पन्नाशीला टेकलेले असताना.

या बातम्या मला घरबसल्या मिळत. बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "भावोजी आज पूर्णगडला जाऊन आले." पुढे एक अक्षर नाही. तिसरी भाकरी मागायला माझी जीभ रेटत नसे.

अशात डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर सापडल्याचं सांगितलं आणि चालायला बजावलं. मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. साडू भाट्याला असतील ती वेळ साधून गुपचूप किल्ला चढू लागलो. सांगायला लाज वाटते, पण साखरेची मला फारशी काळजी नव्हती. मला त्यांना हरवायचं होतं. शिमग्याला पालीजवळच्या त्यांच्या गावी ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ टिकणारा खांदा माझ्या साडूंचा, असा लौकिक होता. तो मोडायचा, असं मी ठरवून टाकलं.

त्या शिमग्याला मी खांदा मागितला. गावकऱ्यांनी पाहुण्याचं कौतुक करत दिला. पुढे मी, माझ्या शेजारी साडू. ढोल चढत गेले. पहिले तीन फेर मी असा नाचलो, की बायकांच्या घोळक्यात उभी असलेली माझी बायको चक्क हसताना दिसली. चौथ्या फेराला पोटरीत गोळा आला, गुडघा दुमडला आणि पालखी माझ्या बाजूने कलली. लोकांत एकच ओरड झाली. तेवढ्यात साडूंनी मला कोपराने बाहेर ढकललं, मधोमध शिरून दोन्ही खांदे लावले आणि पालखी सावरली. फेर थांबला नाही.

नंतर मानकरी विचारायला आले. मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "माझं चुकलं. माझा पाय यांच्या पायात गेला." एका म्हाताऱ्याने सगळ्या गावादेखत त्यांना झापलं. वय झालं तर पालखीला हात लावू नये, असंही सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी आंब्याखाली बसून पोटरी चोळत होतो, आणि खरं सांगतो, मला कृतज्ञता नाही, संताप आला. यातसुद्धा हा माणूस माझ्यापुढेच. साधं चिडायलासुद्धा याने जागा ठेवू नये?

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. पाय दुखतोय का, विचारलं. मी म्हटलं, "पायाचं सोडा. मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्यापासून."

त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "पोटरी बरी झाली की पहाटे भाट्याला या. दोराला माणूस कमीच पडतो."

मी गेलो. पुढचे सहा फाल्गुन गेलो. वाळूवर त्यांच्या मागून चाललो, दोर ओढला, सायकलवर पूर्णगडच्या वाटेला लागलो आणि अर्ध्यातून एसटीने परत आलो. साखर उतरली. हेवा काही उतरला नाही, फक्त त्याची सवय झाली.

मग ते निवृत्त झाले. डोंबिवलीला मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, नात लहान, तेव्हा साडू नि मेहुणी तिकडे राहायला गेले. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. गेल्या फाल्गुनात सांगत होते, इमारतीच्या आवाराला फेरी मारायला चार मिनिटं लागतात आणि वॉचमन दर फेरीला सलाम करतो, म्हणून लाज वाटून दोनच मारतात. मग विचारलं, "तुम्ही जाता ना किनाऱ्यावर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मला हेवा ऐकू आला. मी तो चांगला ओळखतो. मी नुकताच समुद्रावरून आलो होतो, तासभर चालून, आणि अंग हलकं झालं होतं.

"कसला जातोय," मी म्हटलं. "गुडघे धरलेत. हल्ली घरातच असतो."

त्यावर ते मला दहा मिनिटं बोलले. गुडघ्याला काय लावायचं, चढण कशी टाळायची, वाळूत टाच आधी टेकायची की चवडा, सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. मी हो हो म्हणत राहिलो. बायको केरसुणी घेऊन दारात उभी होती. माझ्या ओल्या पावलांची रेती उंबऱ्यापासून फोनपर्यंत सांडली होती. मी फोन ठेवीपर्यंत ती थांबली, आणि मग काही न विचारता झाडू लागली.