पाणी लागलं

जखमेला पाणी लागलं की ती पिकते, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून तर माझ्या नवऱ्याचं खोटं गावानं एका दिवसात पचवलं. तोंडावर त्याला जन्मभर अहो-जाहो केलं; लिहिताना तेवढी सूट घेते.

ऐंशीनंतरचं ते एक कोरडं वर्ष. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात विहिरींनी तळ गाठला होता. आम्ही बाया पायऱ्या उतरून वाटीवाटीनं घागर भरायचो. तशीच भरली घागर घेऊन वर येताना माझा पाय घसरला आणि मी पाठीवर आपटले. कमरेखालचं सगळं बधिर झालं. सोलापूरच्या एका दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय परत येतील, पण घाई करायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. बेंबळीहून आई आली होती माझं सगळं करायला. माझ्या पायाची बोटं पहिल्यांदा हलली त्या दिवशी आम्ही दोघी रडलो.

नवऱ्याच्या डोक्यात तेव्हा गावच्या सोसायटीची निवडणूक होती. मला भेटायला आलेल्या पाहुण्यांना तो आधी आपल्या पॅनेलचं चिन्ह सांगायचा. मला हसू यायचं, पण हसलं की टाके ओढायचे. लढत अटीतटीची होती, आणि मीही सभासद होते; त्यानंच करून ठेवलं होतं. एक दिवस तो प्रचाराची जीप घेऊन दवाखान्यात आला आणि डॉक्टरांनी सोडलं म्हणाला. घरी जायच्या नावानं मला आनंदच झाला. आईनं मात्र पट्टी अजून ओली होतेय, थोडं राहू द्या, असं सुचवून पाहिलं.

"डाक्टरपेक्षा तुमाला लई कळतंय व्हय, मामी?" तो सासूला म्हणाला.

आई माझी पिशवी भरायला लागली. जावयाशी वाद घालायची तिची रीत नव्हती.

जीपच्या मागच्या बाकावर मला पालथं निजवलं. गाव येईपर्यंत प्रत्येक खड्डा माझ्या पाठीनं मोजला. मतदानाच्या दिवशी पॅनेलच्या पोरांनी मला खाटेसकट उचलून शाळेत नेलं. विरोधी गटानंसुद्धा वाट करून दिली. मी शिक्का मारला, पॅनेल आलं, नवरा चेअरमन झाला. बायकोला खाटेवरून आणलं, याला म्हणतात जिद्द, असं लोक त्याच्या पाठीवर थाप मारून सांगत होते. माझ्या पाठीचं कुणी विचारलं नाही.

गुलाल अंगणात तसाच होता आणि मला ताप भरला. पाठीत ठणका सुरू झाला. आईनं पट्टी सोडली तर पू. खोलीत वास सुटला. नवरा आत आला, बघितलं, आणि बाहेर गेला. अंगणात माणसं जमली होती. त्यांना तो सांगत होता ते मला आतून स्वच्छ ऐकू आलं. "मामीनी अंग पुसताना पाणी लागू दिलं."

ज्या घरात टँकर आला तरच चूल पेटायची, त्या घरात आईनं म्हणे माझ्या पाठीवर पाणी ओतलं. ती माझे हातपाय ओल्या फडक्यानं पुसायची, पण ते फडकं पाठीच्या जवळही न्यायची नाही. मी ओरडून सांगितलं, पण तापातल्या बाईचं कोण ऐकतं. शेजारणी येऊन आईला म्हणायच्या, थोडं जपायचं होतं हो. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला परत सोलापूरला नेताना आता नणंद येईल सोबतीला, असं नवऱ्यानं ठरवून टाकलं. आई पिशवी घेऊन बेंबळीच्या एसटीत बसली.

डॉक्टरांनी टाके उसवून जखम धुतली आणि उघडीच ठेवली. रोज आत कापडाच्या पट्ट्या भरायचे. त्या पहिल्याच दिवशी ते माझ्यावर रागावले. मी पालथी होते, मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"जखम ओली आहे, आत जंतू धरलेत, नेऊ नका, असं मी तुमच्या मिस्टरांना बजावलं होतं. मतदान आहे, माझ्या जबाबदारीवर नेतो म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी विचारलं. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"मग लोकांस्नी काय सांगू? मला त्या गावात चेअरमन म्हणून बसायचंय. तुझ्या आईचं काय, ती बेंबळीला ऱ्हाती."

मताच्या नादात माणूस बायकोची पाठ विसरतो, हे एखादे वेळी मी गिळलं असतं. पण हे त्यानं विचार करून केलं होतं. कुणाचं नाव घेतलं तर आपल्याला झळ बसणार नाही, याचा हिशेब करून त्यानं माझ्या आईचं नाव निवडलं. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

जखम भरायला फार काळ गेला. डावा पाय अजून ओढत चालते. एसटीची पायरी चढता यायला लागली तशी कुणाला न विचारता बेंबळीला गेले आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल, जावयाला शिव्या देईल. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली.

"पर एकदा पट्टी बांधताना माझा हात ओला हुता गं," ती म्हणाली. "लई इचार केला म्या. तवाच लागलं आसंल."

मी डॉक्टरांचे शब्द पुन्हा सांगितले. तिची शपथ घेतली. लहान पोराची समजूत काढावी तशी ती मान हलवत राहिली. आसू दे पोरी, जावईबापूला बोल लावू नको, म्हणाली.

नवरा पुढच्या निवडणुकीतही चेअरमन झाला. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. बेंबळीहून निघताना ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची, पदर नीट करायची, पण माझ्या पाठीवर तिनं पुन्हा कधी हात ठेवला नाही.