डाव्या बुटाचे टाके

मौनीबाबांना हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्याने त्यांना घरी कधी पाहिलेलं नसणार. दुकानात त्यांच्या ओठांत पंधरा-वीस बारीक खिळे धरलेले असायचे. गिऱ्हाइकाने बुटाची रडकथा सांगो नाहीतर घरातली, उत्तर एकच, "हूं." पण संध्याकाळी खिळे डबीत गेले आणि माणूस घरी पोचला की जी टकळी सुरू व्हायची ती जेवण उरकेपर्यंत बंद होत नसे. बायको म्हणायची, "एक डबी खिळे घरी पण आणून ठेवा ना."

दुकान लष्करी वसाहतीच्या फाटकासमोर होतं. दुकान कसलं, कोनाडाच तो. दोन माणसं आत असली की तिसऱ्याने पाय बाहेर ठेवून बसायचं. भिंतीवर बूट घडवायच्या लाकडी पावलांची रांग, प्रत्येकावर खडूने नंबर घातलेला. तीस वर्षं बाबांनी या वसाहतीचे बूट केले, शिवले, सांधले. कुणाची टाच कशी झिजते, कोण पाय ओढत चालतो, कोण बढती मिळाल्यापासून जास्तच टाचा आपटतो, सगळं त्यांना ठाऊक. चेहरे विसरतील, पण पाय विसरायचे नाहीत.

त्यांचा एक नियम होता. तळ आधी चिकटवायचा, रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मेण लावलेल्या दोऱ्याने कडेकडेने टाके घालायचे. मगच बूट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नुसता चिकटवलेला तळ दिसायला झकास दिसतो हो, पण ओल लागली, दगडधोंडा लागला की कडेने तोंड उघडतो. कुणी घाई केली तर बाबा खिळ्यांमधून "हूं हूं" करत मान हलवायचे. नाही म्हणजे नाही.

हा नियम त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच मोडला.

वसाहतीत एक मेजरसाहेब होते. जुन्या अपघातात डावा पाय मोडला आणि जुळताना बोटभर आखूड राहिला. म्हणून त्यांच्या डाव्या बुटाला एक जादा थर लागायचा. ते काम मौनीबाबांखेरीज कुणाला जमत नसे. साहेब स्वतः यायचे, बाहेर पाय सोडून बसायचे, आणि जगातला हा एकच माणूस असेल ज्याच्याशी बोलायला बाबा तोंडातले खिळे काढून ठेवत. साहेब पक्के चिकित्सक. हा दोरा मेणातच का, हे चामडं आडवंच का कापलं, प्रश्नांना अंत नाही. "साहेब, माझं दुकान चालवायचा विचार आहे का?" बाबा विचारायचे. "निवृत्त झाल्यावर. तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा," साहेब म्हणायचे.

एका दुपारी साहेब धावतपळत आले. मागे गाडी सुरूच होती. नव्या बुटांपैकी उजवा शिवून तयार होता, डावा सकाळीच चिकटवून शिकंज्यात ठेवला होता.

"बाबा, आत्ता निघायचंय."

"साहेब, टाके बाकी आहेत. उद्या न्या."

"उद्या मी डोंगरावर असेन. जुन्या बुटांचा तर पार भुगा झालाय."

बाबांनी साहेबांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि शिकंजा सोडवला. म्हणाले, "चालेल. पण टाके बाकी आहेत, ध्यानात ठेवा." साहेबांनी बूट काखेत मारले, हात हलवला आणि गेले.

दहाव्या दिवशी बातमी आली. डोंगरावर अडकलेल्या आपल्या माणसांना साहेबांनी एकेक करून कड्यावरून खाली उतरवलं, स्वतः शेवटी निघाले आणि पडले. चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोलून गेलं, "पाय घसरला म्हणे." जिभेला हाड नसतं माणसाच्या! पण ते दोन शब्द मौनीबाबांच्या काळजात रुतून बसले. पाय घसरला. कुठला पाय? डावाच असणार. तळ सुटला असणार. अजून कशाने घसरेल पाय?

त्यानंतर नऊ वर्षं गेली. नऊ! बाबांनी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. घरातली टकळी हळूहळू बंद पडली. आधी वैतागणारी बायको आता विचारायला लागली, "बोलत का नाही हो?" दुकानात तर त्यांनी ताळतंत्रच सोडलं. साध्या चपलेलाही दुहेरी टाके. लग्नाला निघालेल्या नवरदेवाची मोजडीसुद्धा अडवून ठेवली होती एकदा. लोक म्हणाले, म्हातारा चळला. म्हणोत बापडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी गत होती. कुणी लंगडत जरी गेलं तरी बाबा हातातलं काम टाकून त्याच्या बुटाकडे बघत राहायचे.

मग फाटकाजवळच्या चौकात साहेबांचं स्मारक उभं राहायला लागलं. काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यामागे एक छोटी खोली, खोलीत काचेचं कपाट. दुकानातून ते काम रोज समोर दिसायचं. गवंडी एकेक दगड चढवायचे आणि इकडे बाबांच्या छातीवर तेवढंच ओझं वाढायचं. आपण ज्याला घालवलं त्याचंच स्मारक रोज डोळ्यांसमोर वाढताना बघायचं, याला कुठल्या जन्मीचं पाप म्हणावं?

स्मारकाच्या उद्घाटनाला आठवडा होता, तेव्हा मेजरसाहेबांची बायको दुकानात आली. हातात खाकी कापडाची पिशवी, तोंडाला शिवण, शिवणीवर लाखेचं सील.

"बाबा, ह्यांचे बूट आहेत. स्मारकाच्या कपाटात ठेवायचेत. स्मारक समितीचे कर्नलसाहेब म्हणतात, नवा तळ मारा, पॉलिश करा, आरशासारखे चमकले पाहिजेत."

बाबांच्या ओठांतला एक खिळा टपकन खाली पडला. बाकीचे त्यांनी हातावर काढून घेतले. "ठेवून जा ताई. करून पाठवतो."

"नाही, मी बसते." त्या बाहेर पाय सोडून बसल्या, साहेब बसायचे तशाच. "लष्कराने पाठवली तेव्हापासून, नऊ वर्षं, ही पिशवी घरच्या कपाटात आहे. उघडायची छाती झाली नाही. एकटीला नाही जमणार. म्हणून इथे आणली."

आली का पंचाईत! एकट्याने उघडली असती तर जे काही असेल ते पाहून, गिळून, नवा तळ मारून मोकळे झाले असते. कोणाला कळणार होतं? पण समोर ही बाई बसलेली. बाबांनी सुरी उचलली, सिलाला लावली. आणि परत खाली ठेवली.

"ताई, आधी माझं ऐका. मग उघडायची की नाही ते तुम्ही ठरवा."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिकंजा, बाहेर थांबलेली गाडी, 'चालेल' हा शब्द. काही हातचं राखलं नाही. "पाय घसरला असं लोक म्हणतात. घसरला तर माझ्यामुळे. डावा तळ नुसता चिकटवलेला होता, ताई. आत उघडा तळ निघाला तर तुमचा गुन्हेगार तुमच्यासमोर बसलाय."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुकानातली लाकडी पावलं भिंतीवर खडखडली. मग बाई म्हणाल्या, "उघडा."

बाबांनी सील फोडलं, शिवण उसवली. उजवा बूट आधी हाताला लागला. चिखल वाळून पांढरा झालेला, नाक खरचटलेलं, बाकी ठीक. मग डावा. बाबांनी तो डोळे मिटूनच बाहेर काढला. आधी अंगठा कडेवरून फिरवला. तीस वर्षांची सवय त्या अंगठ्याला, डोळ्यांच्या आधी त्याला कळायचं. तळ जागेवर होता. फट नव्हती. पण अंगठ्याला भलतंच काहीतरी लागत होतं, जाडजूड, गाठी-गाठींचं.

त्यांनी डोळे उघडले.

तळाच्या कडेने टाके होते. कसले ते टाके, देवा! तंबूच्या दोरीचा पिळा सोडवून केलेला दोरा, एक टाका लांब, एक आखूड, एक तर पार वाट चुकून चामड्याच्या मधोमध गेलेला. दर दोन टाक्यांनी एक गाठ. कुठल्याही कारागिराने असं काम केलं असतं तर बाबांनी त्याला दुकानातून हाकललं असतं. त्यांनी बूट दोन्ही हातांत धरून पिळला, वाकवला, तळात नखं घालून ओढला. ढिम्म हलला नाही.

"हे माझे टाके नाहीत," ते पुटपुटले. "ताई, हे माझे नाहीत. कुणी घातले?"

बाईंनी बूट हातात घेतला. पाहिला. आणि त्या हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतायत.

"कुणी म्हणजे? ह्यांनीच! शर्टाचं बटण असंच लावायचे. बटण कमी आणि गाठी जास्त. मी म्हणायची, इस्त्री कुठून फिरवू? तर म्हणायचे, दिसतं कसं ते सोड, निघणार नाही बघ."

बाबांचा जीव नऊ वर्षांनी भांड्यात पडला. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. एक गिऱ्हाईक सँडल घेऊन आलं होतं, ते पाऊल न वाजवता परत फिरलं.

रडून झाल्यावर बाबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "पण ताई, टाके फार भयंकर आहेत हो." यावर दोघंही पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणून पाहणीला आले आणि खवळलेच. नवा तळ नाही, पॉलिश नाही, आणि डावा बूट कपाटात चक्क आडवा ठेवलेला, तळ लोकांकडे करून. "ही काय पद्धत झाली? बूट उभे ठेवतात!"

"उभा ठेवला तर टाके दिसत नाहीत," मौनीबाबा म्हणाले. ओठांत एकही खिळा नव्हता. "साहेबांच्या हातचं काम आहे. मी त्याला हात लावणार नाही आणि कुणाला लावूही देणार नाही." शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली. कर्नलसाहेबांनी घसा खाकरला आणि मिशीवरून हात फिरवत भिंतीची पाहणी करायला निघून गेले.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली. जो तो उठून म्हणत होता, मेजरसाहेबांनी प्राणांची, घरादाराची पर्वा केली नाही. प्रत्येक वेळी बाई मान खाली घालायच्या. बाबांच्या ते लक्षात आलं. गर्दी ओसरल्यावर त्या काचेच्या कपाटापाशी आल्या, बाबा त्यांच्याबरोबर होते. तिथे कुबडी घेतलेला एक माणूस आधीच उभा होता. बुटाकडे टक लावून बघत होता.

"दाभण माझं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"काय म्हणालात?" बाबा एक पाऊल पुढे सरकले.

"साहेबांच्या तुकडीत होतो मी. कडा उतरायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी माझ्याकडून तंबू शिवायचं दाभण मागून घेतलं. म्हणाले, माझ्या कारागिराने बजावलंय, टाके बाकी आहेत. बसले शिवत. शिवता शिवता काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, सगळ्यांनी बूट काढा. अकरा जणांचे बूट उलटे करून पाहिले त्यांनी. चौघांचे तळ सुटायला आले होते, माझा धरून. दिवस असेपर्यंत आम्ही शिवत बसलो होतो. पुढे माझा पाय गेला तो वेगळ्याच लढाईत. त्या कड्यावरून मात्र अकराच्या अकरा खाली आलो."

 बाबांनी कपाटाची कड धरली.

कुबडीवाला सांगतच होता, "आम्ही कुरकुर केली, साहेब, आता या थंडीत कुठे शिवणकाम! तर म्हणाले, मला घरी जायचंय. तुम्हालाही जायचंय. मुकाट्याने शिवा."

बाईंनी त्याचा हात धरला. "काय म्हणाले?"

"मुकाट्याने शिवा म्हणाले."

"त्याच्या आधी."

"मला घरी जायचंय, म्हणाले."

"परत सांगा," बाई म्हणाल्या. बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांना बसवलं, आणि त्या माणसाने परत सांगितलं.