श्रावणीची मुकी पेटी

शनिवारी एका सहा वर्षांच्या मुलीने माझी पार विकेट काढली...

जुळे सोलापुरात घरच्या हॉलमध्ये मी लहान मुलांना पेटी शिकवते. पाच मुलं, पाच पेट्या आणि सूर ऐकू यावा म्हणून बंद ठेवलेला कूलर. उन्हाळ्यातला क्लास म्हणजे सगळ्यांची घामाने आंघोळ!

यातल्या श्रावणीची पेटी काही केल्या वाजेना. उजवा हात पट्ट्यांवर फिरायला लागला की डावा भाता सोडून देतो. भाता हलला की उजवा थांबतो... तोंडाने मात्र सारखी पुटपुट.

सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं म्हणा. पण बाकीची मुलं पुढे गेली, ही तिथेच. आणि पेटी मुकी असताना ही पोर एवढी खूश कशी, हे मला कळत नव्हतं.

शनिवारी क्लास सुटल्यावर तिची आई थांबली. मूळच्या वैरागच्या, इथे युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जातात. म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा, हिला जमंल का? जमणार नसंल तर आत्ताच बंद करू की. पुढं जीव लागल्यावर सोडवलं तर लई रडंल ती."

'नाही जमणार' अगदी ओठांवर आलं होतं. पण ती पुटपुट डोक्यातून जाईना... विचारलं, घरी कशावर वाजवते?

"पुठ्ठ्यावर की. पेटी कुटली आमच्यात! हिच्या पप्पांनी स्केचपेननं पट्ट्या काढून दिल्यात. बोट ठेवती आन सूर तोंडानं काढती."

मी चाटच पडले. म्हणजे पोरगी पुटपुटत नव्हती, गात होती! बाकीच्या चार पेट्यांच्या गोंगाटात मला ते कधी ऐकूच आलं नाही. आणि पुठ्ठ्याला भाता कुठून असणार...

मग मी श्रावणीच्या समोर बसले आणि भाता माझ्या हातात घेतला. तिने पहिल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं, सगळ्यांना मी तिथूनच सा शिकवते. सूर निघाला आणि ती दचकली. "मॅडम, हा माझा सा न्हाय."

मग तुझा कुठला? तिने गाऊन दाखवला आणि एकेक पट्टी दाबत शोधायला निघाली... काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर थांबली. तिथून रे मिळाला. 'ग'साठी शेजारच्या पांढरीवर बोट ठेवलं, नाक मुरडलं आणि पुढच्या पांढरीवर सरकली.

हे मी तिला शिकवलेलं नाही. पुठ्ठ्यावर तर हे कळायची सोयच नाही. चाचपडत, चुकत, स्वतःच दुरुस्त करत ती वरच्या 'सा'पर्यंत पोचली आणि माझ्या अंगावर काटा आला.

आई अजून उत्तराची वाट बघत दारातच उभ्या. म्हटलं, "ताई, तिला येतंय. भाता तेवढा शिकवायचा राहिलाय."

"व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

आता श्रावणी सगळ्यांच्या आधी येते. भाता मी मारते, वाजवते ती... मजा येते दोघींना.

एक प्रश्न विचारायची बुद्धी वेळेवर झाली, त्याबद्दल देवाचे आभार. नाहीतर ती गाते हे मला कधी कळलंच नसतं...