कंबरेएवढं कुंपण

सिंगापुरात चार मराठी ऑफिसवाले कुंपण बांधायला निघाले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरोघरी आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात. एकही टाकवत नाही, आणि पाहुणे आले की एखादा बाहेर निघतोच! परवा बिशानला बापटकाकांकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा पुन्हा तोच विषय निघाला आणि पुन्हा भाजी गार झाली.

नव्या मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगते. क्रांजीच्या पुढे, बस कंटाळून जिथून परत फिरते तिथे, एका चिनी अंकलचं फार्म होतं. त्यांच्याकडे ठिपक्यांची हरणं होती. शाळांची मुलं ती बघायला यायची आणि त्यावरच फार्म चालायचं. शिवाय तीन गायी होत्या, कुणा दूधवाल्यानं धंदा बंद करताना मागे सोडलेल्या.

बापटकाकांच्या नलिनीकाकूंना वसुबारसेला खरी गाय हवी होती. फोटोची पूजा करून त्या वैतागल्या होत्या. त्यांनीच हे फार्म शोधलं, थोरल्या गाईचं नाव गौरी ठेवलं आणि साग्रसंगीत पूजा केली. वासरू नव्हतं, म्हणून खेळण्यातलं प्लास्टिकचं वासरू शेजारी मांडलं. गौरीनं ते एकदा चाटलं आणि तोंड फिरवलं!

तेव्हापासून आम्ही दर रविवारी गायींना भेटायला जायला लागलो. काका-काकू, आंग मो किओला राहणारा, माझ्याच कंपनीतला समीर आणि मी. मी सेंगकांगची. नोकरी टेस्टरची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायची.

मग एका रविवारी अंकलनी बॉम्ब टाकला. हरणांच्या खुराकासाठी त्यांनी पत्र्याचं एक पिंप उभं केलं होतं. खालून थोडे थोडे दाणे पडायचे आणि ते सगळे गायी फस्त करायच्या. हरणं बिचारी लांबून बघत बसायची.

"डियर ऑल सो स्किनी. स्कूल कम्प्लेन," अंकल म्हणाले. "नेक्स्ट मंथ लॉरी कम. काऊ गो."

"गो व्हेअर?" काकूंनी विचारलं.

अंकल दुसरीकडे बघायला लागले. गौरी कुठे जाणार हे कुणालाच सांगायची गरज नव्हती.

*

काकूंनी घरी पोचायच्या आत जाहीर केलं, "आपण कुंपण घालायचं. पिंपाभोवती. विषय संपला!"

विषय कसला संपतोय! काका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, स्लाइड्स केल्या, कामाचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग दिला. पुढच्या रविवारी आम्ही फार्मवर उभे राहून, छत्र्या धरून, काकांच्या लॅपटॉपवर स्लाइड्स पाहिल्या. एक खड्डासुद्धा खणला नाही. मागे गायी निवांतपणे दाणे खात होत्या.

शेवटी समीरला राहवलं नाही. "काका, अजून दोन मीटिंगा झाल्या तर गायी हरणंपण खातील!"

*

कुंपणवाल्याचा दर ऐकून अंकलनी फोन कानापासून लांब धरला. "फेन्स कॅन. मनी कॅनॉट!" त्यामुळे सगळं स्वस्तात करायचं ठरलं. खांब म्हणून अंकलच्या आवारातले जुने लोखंडी पाइप होतेच. आडवं काय लावायचं, एवढाच प्रश्न होता.

आमच्या इथल्या सरकारी फ्लॅट्समध्ये लोक खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात. आता बऱ्याच जणांकडे स्टीलचे स्टँड आले होते आणि जुने बांबू दाराआड धूळ खात होते. काका दारोदार फिरले. एका चिनी आज्जींनी इतक्या उत्साहानं बांबू दिला, की त्यात ओवलेली आजोबांची पँटही सोबत आली. काका ती परत द्यायला गेले तर आज्जी म्हणाल्या, "नेव्हर माइंड, ही ऑलरेडी टू फॅट!"

बांबू न्यायचे कसे? काका म्हणाले, MRT ने, म्हणजे इथल्या मेट्रोनं. स्टेशनवरच्या माणसानं नम्रपणे अडवलं. "अंकल, धिस वन कॅनॉट."

काका मूळचे पुण्याचे. "कुठे लिहिलंय ते दाखवा," असं त्यांनी इंग्रजीतून ठणकावलं.

त्यानं वाद घातला नाही. "ओके लाह. यू ट्राय." आणि हाताची घडी घालून उभा राहिला. काका वळले. बांबूचं पुढचं टोक गेटात अडकलं, मागचं खांबाला टेकलं आणि मध्ये काका! पुढे सरकता येईना, मागे येता येईना. मग त्याच माणसानं त्यांना सोडवलं आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बांबू अखेर अंकलच्या टेम्पोतून गेले.

*

पहिलं कुंपण असं झकास झालं, की आम्ही त्याच्यासमोर फोटो काढले. समीरपेक्षा उंच! "सेफ्टी मार्जिन ठेवलंय," काका म्हणाले. गायी आल्या, हुंगून परत गेल्या. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

मग हरणं आली. त्यांनीही हुंगलं. तीही परत गेली.

अंकलनी कुंपणाला एक फेरी मारली. "यू बिल्ड कॉन्डो आ?" ते म्हणाले. "माय डियर नो ॲक्सेस कार्ड. हाऊ टू गो इन?"

काकांचा चेहरा बघवत नव्हता. मी आयुष्यभर टेस्टिंग करतेय, पण सिक्युरिटी एवढी टाइट आणि युजरच बाहेर, असा बग मला कधीच सापडला नव्हता!

*

मग अक्कल आली. गाय उडी मारायच्या भानगडीत पडत नाही आणि हरिण सहज मारतं. म्हणजे कुंपण कंबरेएवढंच हवं. कुणाच्या कंबरेएवढं, यावर काका-काकूंचं वाजलं ते सोडा.

उंची कमी केली. तरी हरणं आत जाईनात. कुंपणापर्यंत येऊन मान लांब करायची, पण उडी नाही. समीर म्हणाला, "मी बघतो." आणि धावत येऊन त्यानं स्वतःच उडी मारली. कुंपण पार झालं, पण थांबायला जागाच नव्हती. तो थेट पिंपावर आदळला आणि दाण्यांचा पाऊस पडला.

"जागा कमी आहे," तो आतूनच ओरडला. "उतरायला जागा हवी!"

मी फोनवर बग नोंदवला: आतली जागा अपुरी, युजर जखमी. काकांनी कुंपण चांगलं ऐसपैस करायला घेतलं. आणि त्या दिवसापासून समीरला ग्रुपवर सगळे पाडस म्हणतात.

*

एवढं करूनही एक गोष्ट कळत नव्हती. दर रविवारी आम्ही पोचायच्या आधीच गायी नेमक्या त्या कुंपणाला येऊन टेकायच्या. बांबू करकरायचे. अख्खं रान मोकळं असताना इथेच का?

उत्तर काकूंच्या पिशवीत होतं. गोग्रास! पहिल्या दिवसापासून काकू पोळी आणि गूळ त्याच जागी ठेवत आल्या होत्या, कारण तिथे सिमेंटचा कोबा होता आणि नैवेद्य चिखलात कसा ठेवायचा? गायींना वाटायचं, देव इथेच प्रसन्न होतो.

"काकू, जागा बदला ना," मी म्हटलं.

"नैवेद्याची जागा अशी बदलत नाहीत, मेधा."

काकांनी तेवढ्यात मोबाइलवर होकायंत्र उघडलं. "फार्मचं पलीकडचं टोक बरोबर पूर्वेला आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

काकूंनी पिशवी उचलली आणि तरातरा पूर्वेकडे निघाल्या. तिन्ही गायी त्यांच्यामागे! काका बँकेत एवढ्या मोठ्या पदावर कसे पोचले, ते मला तेव्हा कळलं.

*

आणि मग लॉरी यायच्या आधीचा तो शेवटचा रविवार.

कुंपण ऐसपैस, कंबरेएवढं, बांबू तारेनं घट्ट बांधलेले. अंकल लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. आम्ही झाडाखाली उभे. कुणी मोबाइलही काढला नाही.

गायी आल्या. गौरीनं बांबूला छाती लावली, ढकलून पाहिलं, जोरात श्वास सोडला आणि तिथेच थांबली. बांबू टिकले. मग हरणं आली आणि कुंपणाशी येऊन उभी राहिली. नुसतीच उभी राहिली. काकूंनी माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. काका तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, आणि ते प्रोजेक्टचं नक्कीच नव्हतं.

एका मादीनं पाय गोळा केले आणि ती अलगद आत गेली. तिच्यामागे दुसरी. मग सगळी!

हुश्श! खरंच सांगते, एवढं हलकं मला माझा PR, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मंजूर झाला तेव्हाही वाटलं नव्हतं. काकू सरळ रडायला लागल्या. काकांनी, ज्यांनी जन्मात कुणाला मिठी मारली नसेल, समीरला मिठी मारली. आत हरणं दाणे खात होती आणि बाहेर तीन गायी शांतपणे गवताकडे वळत होत्या.

अंकलनी खिशातून फोन काढला आणि चिनी भाषेत दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. "लॉरी नो नीड कम," ते आमच्याकडे न बघताच म्हणाले आणि उठून गौरीकडे चालत गेले.

त्यांना बघताच गौरीनं गवत सोडलं. ती पुढे आली आणि तिनं नाक थेट त्यांच्या हाफ पँटच्या उजव्या खिशात खुपसलं.

अंकलनी मागे वळून पाहिलं. आम्ही चौघंही बघत होतो. मग त्यांनी हळूच खिशात हात घातला आणि मूठभर दाणे काढले. हरणांचे! गौरीनं तळहात चाटूनपुसून साफ केला.

अंकलनी हात पँटला पुसला.

"एव्हरी डे शी आस्क," ते म्हणाले. "हाऊ टू से नो?"